रविवारची ओढ, सोमवारची नांगरणी: जुन्या ट्रॅक्टरांच्या बदललेल्या इंजिनांचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला ट्रॅक्टर हा विषय जरा विचित्र वाटेल. त्यात आज मी नांगरणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल बोलणार नाहीये, ओझं ओढण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल बोलणार आहे. अमेरिकेत ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिसुरी हा जो मक्याचा पट्टा आहे, तिथे उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जत्रा भरतात. त्या जत्रेत मातीची एक सरळ पट्टी तयार केलेली असते, साधारण ३०० फूट लांब. ट्रॅक्टरच्या मागे एक जड घसरगाडी जोडायची आणि ती जितकी लांब ओढता येईल तितकी ओढायची. बस्स, एवढाच खेळ. याला म्हणतात ट्रॅक्टर पुलिंग.

या खेळात एक वर्ग असतो जुन्या ट्रॅक्टरांचा. क्लबागणिक नियम वेगळे, पण साधारणपणे १९६० च्या आधीची मॉडेलं. आणि या वर्गात सगळ्यात जास्त वाद कशावरून होतो, तर इंजिनावरून. समजा, ट्रॅक्टर १९४८ सालचा आहे आणि त्यात इंजिन बसवलंय १९५७ सालचं. तर हा ट्रॅक्टर कोणत्या सालचा म्हणायचा? आणि इंजिन त्याच सालचं आहे, पण आतले पिस्टन मोठे घातलेत, तर मग काय?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. पण जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा रोजचा प्रश्न त्यात दडलेला आहे. माझं आज म्हणणं असं आहे की या ट्रॅक्टरांच्या बाबतीत 'मूळ' नावाची गोष्ट फार थोडा काळ टिकली. इंजिन बदलणं खेळामुळे सुरू झालेलं नाही. ते शेतीच्या गरजेतून आधीच सुरू झालं होतं, खेळानं ते उचललं. पुढे याच बदलांनी खेळ शेतकऱ्याच्या हातातून सुटत गेला, आणि जुन्यांचा वर्ग म्हणजे तो परत हातात घेण्याची धडपड आहे. हे कसं घडलं ते क्रमानं बघू.

घोड्यांपासून सुरुवात

ओझं ओढण्याची स्पर्धा ट्रॅक्टरच्या आधीची. बैलजोडीनं ओझं ओढायच्या शर्यती आपल्याला नवीन नाहीत, तशा तिकडे घोड्यांच्या जोड्यांच्या होत. शेतातले दगड वाहून न्यायला चाकं नसलेला एक लाकडी पाट असायचा, त्याला 'स्टोनबोट' म्हणत. त्यावर दगड रचायचे आणि कुणाची जोडी जास्त ओढते ते बघायचं. १९२० च्या दशकात आयोवा स्टेट कॉलेजमध्ये घोड्यांची ओढ मोजायचं यंत्रच तयार केलं गेलं. साडेसत्तावीस फूट ओझं ओढलं की ती ओढ पूर्ण, असं एक माप ठरलं. ते घोड्यांच्या स्पर्धांत आजही चालतं.

त्याच काळात ट्रॅक्टर शेतात शिरत होता, आणि कारखानदार ताकदीचे वाटेल ते दावे करत होते. शेवटी नेब्रास्का राज्यानं १९१९ साली कायदा केला की राज्यात विकायच्या ट्रॅक्टरची आधी चाचणी झाली पाहिजे. १९२० पासून त्या चाचण्या सुरू झाल्या. ट्रॅक्टर प्रत्यक्ष किती ओढतो, हे त्यात मोजलं जाई. म्हणजे ओढीचा हिशेब हा तिकडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं फसवणूक टाळण्याचाही मार्ग होता. ट्रॅक्टरांच्या ओढीच्या पहिल्या नोंदलेल्या स्पर्धा सांगितल्या जातात त्या १९२९ सालच्या, मिसुरीतल्या बोलिंग ग्रीनच्या आणि ओहायोतल्या व्हॉन्सव्हिलच्या.

रॉकेल, पेट्रोल आणि मोठा पिस्टन

आता इंजिनाकडे येऊ. १९२० आणि ३० च्या दशकातले बरेच ट्रॅक्टर रॉकेलवर किंवा रॉकेलसारख्या स्वस्त तेलावर चालायचे. आपल्याकडे पूर्वी शेतपंप पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायचे ना, तसंच. अशा तेलाला जास्त दाब चालत नाही, इंजिन ठोके मारायला लागतं. म्हणून इंजिनाचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असे. इंजिन मोठं, ताकद मात्र बेताची.

मग पेट्रोल सुधारलं. १९३५ साली ऑलिव्हर कंपनीनं '७०' नावाचा सहा सिलिंडरचा ट्रॅक्टर काढला. नावातला ७० चा आकडा ७० ऑक्टेनच्या पेट्रोलचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांवर बंधनं आली, नवा ट्रॅक्टर मिळणं मुश्किल झालं. आहे तोच चालवायचा. युद्ध संपल्यावर चांगलं पेट्रोल मुबलक झालं, पण शेतात उभा असलेला ट्रॅक्टर जुन्याच कॉम्प्रेशनचा. मग शेतकऱ्यानं काय केलं? नवा घेण्याऐवजी पिस्टन बदलले.

इथे एक नाव घ्यायला हवं. इलिनॉयमधल्या अँकर या छोट्याशा गावात एम अँड डब्ल्यू गिअर कंपनी होती. ती जुन्या ट्रॅक्टरांसाठी मोठ्या मापाचे पिस्टन आणि लायनर विकायची, जादा गिअरचे संच विकायची, पुढे टर्बोचार्जरही. गिऱ्हाईक कोण, तर साधा शेतकरी. त्याला तीन फाळांऐवजी चार फाळांचा नांगर ओढायचा होता. शर्यतीचा तिथे काही संबंध नव्हता.

तीन कंपन्या, तीन वाटा

कुठल्या ट्रॅक्टरचं इंजिन कसं बदलता येतं, हे त्याच्या बांधणीवर ठरतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचे सगळे वाद यातून आलेत.

पहिला, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा लाल रंगाचा फार्मॉल एम. १९३९ ते १९५२ एवढा काळ तो बनत होता. त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांची चौकट आहे आणि तिच्यामध्ये इंजिन बसवलेलं आहे. बोल्ट काढले की इंजिन बाहेर. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ३ पूर्णांक ७/८ इंच, पिस्टनचा फेरा सव्वापाच इंच, चार सिलिंडर मिळून २४८ घनइंच. पुढे १९५२ मध्ये सुपर एम आला. फेरा तोच, व्यास ४ इंच, झाले २६४ घनइंच. १९५६ ते ५८ मध्ये मॉडेल ४५० आलं. फेरा पुन्हा तोच, व्यास ४ पूर्णांक १/८ इंच, झाले २८१ घनइंच. आलं लक्षात? कंपनीनं स्वतः तेच केलं जे एम अँड डब्ल्यू करत होती. भोक मोठं करत नेलं.

याचा परिणाम असा की ४५० चं इंजिन थोड्याफार फेरफारानं जुन्या एममध्ये बसतं. बाहेरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. दोन्ही लाल, दोन्ही चार सिलिंडर. कळतं ते फक्त ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक वाचून, आणि आत मोठे लायनर घातले असतील तर तेवढ्यानंही कळत नाही.

दुसरा, फोर्डचा करडा ८एन, १९४७ ते १९५२. छोटा, स्वस्त, लाखोंनी खपलेला. याला वेगळी चौकटच नाही. इंजिनाचा ब्लॉक हाच ट्रॅक्टरचा कणा, पुढचा अ‍ॅक्सल त्यालाच टांगलेला. इंजिन काढलं तर ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. तरीही त्याचं इंजिन बदललं गेलं. कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात जो आणि हॉवर्ड फंक हे जुळे भाऊ छोटी विमानं बनवायचे. युद्धानंतर छोट्या विमानांचा बाजार कोसळला. मग त्यांच्या कारखान्यानं फोर्डच्या ट्रॅक्टरमध्ये फोर्डचंच सहा सिलिंडरचं २२६ घनइंची किंवा आठ सिलिंडरचं २३९ घनइंची इंजिन बसवायचे संच काढले. जोडपट्ट्या, आधाराचे ओतीव भाग, उंच केलेलं बॉनेट, सगळं त्यात. साधारण २५ एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये ९५ ते १०० एचपीचं इंजिन! गिअर आणि मागचा अ‍ॅक्सल मात्र तेच, पंचवीस एचपीच्या हिशेबानं केलेले. पाय जरा जपूनच द्यावा लागत असणार. पुढे फंक कंपनी गिअरबॉक्स बनवायला लागली आणि १९८९ मध्ये ती विकत घेतली कुणी, तर जॉन डिअरनं. फोर्डला ताकद देणारं घराणं हिरव्या गोटात गेलं.

तिसरा हाच, जॉन डिअर. त्यांचे जुने ट्रॅक्टर दोन सिलिंडरचे, तेही आडवे झोपवलेले. फ्लायव्हील बाहेर, डाव्या अंगाला उघडं. दोन ठिणग्या लागोपाठ पडतात आणि मग मोठी खंड पडते, म्हणून आवाज 'पट्-पट्... पट्-पट्' असा येतो. त्यावरून लोकांनी नाव पाडलं 'जॉनी पॉपर'. यात क्रँकशाफ्ट आडवा, आणि तो ज्यात बसतो तो ओतीव डबा हाच ट्रॅक्टरचा सांगाडा. दुसरं इंजिन बसवायला जागाच नाही. मग सगळी करामत आत करायची. मोठा पिस्टन, क्रँकचा फेरा वाढवायचा, हेडमधून हवा जायचे मार्ग कोरून रुंद करायचे, मोठा कार्ब्युरेटर. मॉडेल ए चं नंतरचं इंजिन कारखान्यातूनच ३२१ घनइंचांचं, एकेक पिस्टन साडेपाच इंची. त्यात वाढ केली की तो डबा भरेल तेवढा भरला.

म्हणजे इंटरनॅशनलवाला भावाचं इंजिन भावाला लावतो, फोर्डवाला परकं इंजिन आणतो आणि डिअरवाला आहे तेच पोखरतो. आता नियम करणाऱ्यानं 'इंजिन बदलायचं नाही' असं लिहिलं, तर डिअरवाल्याला काहीच अडचण नाही, फोर्डवाला बाद, आणि इंटरनॅशनलवाला पकडलाच जात नाही. एका ओळीचा नियम तिघांना तीन न्याय देतो. भांडणं का होतात ते इथे कळतं.

घसरगाडीनं सगळं बदललं

आता खेळाकडे परत येऊ. सुरुवातीला घसरगाडीवर ठरलेलं वजन असायचं. मग एक युक्ती निघाली. पट्टीच्या कडेला ठराविक अंतरावर माणसं उभी करायची आणि घसरगाडी जवळून जाताना एकेकानं वर चढायचं. ओझं वाढत जातं, ट्रॅक्टर शेवटी थांबतो. पण चालत्या गाडीवर माणूस चढणार म्हणजे वेग कमीच हवा. म्हणून ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, चालीच्या वेगानं जायचे. तेव्हाची म्हणच होती, रविवारी ओढायचं, सोमवारी नांगरायचं. ट्रॅक्टर तोच.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस नवी घसरगाडी आली. हिच्या मागे चाकं आणि वर वजनाची पेटी. सुरुवातीला पेटी चाकांवर असते. गाडी पुढे जाते तशी तिच्याच चाकांच्या फिरण्यानं पेटी पुढे सरकते आणि भार जमिनीवर घासणाऱ्या तव्यावर येतो. जितकं पुढे जाल तितकं जड. माणसांची गरज संपली, आणि त्याबरोबर वेगाची मर्यादाही संपली.

हा बदल किती मोठा होता ते एका हिशेबानं सांगतो. ट्रॅक्टरची ओढ पौंडांत घ्या, वेग ताशी मैलांत घ्या, गुणाकार करून ३७५ नं भागा, की एचपी मिळते. ताशी ३ मैल वेगानं ३० एचपी दिली, तर ओढ येते ३७५० पौंड, म्हणजे साधारण १७०० किलो. तेवढीच ओढ ताशी १२ मैलांनी हवी असेल, तर १२० एचपी लागते. संथ स्पर्धेत ताकद असून फारसा उपयोग नव्हता, चाकांची पकड आणि वजन यांवर सगळं होतं. वेग मोकळा झाल्यावर जोरात सुटायचं, घसरगाडी जड होण्याआधी गती घ्यायची, हा डाव सुरू झाला. आणि त्या डावाला एकच औषध, मोठं इंजिन.

१९६९ साली आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी मिळून नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन काढली, नियम एकसारखे केले. पण शर्यत लागली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोच्या कार्ल आणि पॉल बॉसी या भावांनी असा गिअरचा डबा केला की अनेक इंजिनं एकाच शाफ्टला जोडता येतील. मग दोन, तीन, चार इंजिनं आली. महायुद्धातल्या लढाऊ विमानांची अ‍ॅलिसन इंजिनं, बारा सिलिंडरची, २८ लिटरची, तीही आली. ट्रॅक्टर म्हणायला फक्त मागची चाकं उरली. सोमवारी नांगरायचा प्रश्नच नव्हता, आणि साध्या शेतकऱ्यानं त्यात उतरायचाही.

जुन्यांचा वर्ग: मागे वळून

या पार्श्वभूमीवर जुन्या ट्रॅक्टरांच्या स्पर्धांकडे बघा. त्यांच्या नियमांत तुम्हाला काय दिसतं? ५०० पौंडांच्या टप्प्यांनी वजनाचे गट. मागच्या आकड्याची उंची बांधलेली, अनेक ठिकाणी २० इंच. आणि कित्येक वर्गांत वेगाची मर्यादा, ताशी तीन मैल, चार मैल. मघाचा हिशेब आठवा. वेग बांधला की मोठ्या इंजिनाचा फायदा आपोआप कमी होतो. इंजिन उघडून बघायची गरज कमी पडते. ब्लॉकवरचे क्रमांक वाचत बसण्यापेक्षा हा शहाणपणाचा मार्ग. जुन्या घसरगाडीनं नकळत जो वेग बांधला होता, तोच आता नियमानं मुद्दाम बांधला.

ज्यांना इंजिनात हात घालायचाच आहे, त्यांच्यासाठी वेगळे वर्ग. तिथेही बहुतेक ठिकाणी अट अशी असते की ब्लॉक त्याच कंपनीचा, त्याच काळातला हवा. म्हणजे ४५० चं इंजिन एममध्ये चालेल, मोटारीचं चालणार नाही. ही रेघ अर्थातच माणसांनी आखलेली आहे. कारण फंकचं इंजिन १९५० च्या आसपासचंच, त्या काळाशी प्रामाणिकच आहे. मॅसी-हॅरिस कंपनीनं तर १९३८ मध्ये आपल्या '१०१' ट्रॅक्टरमध्ये कारखान्यातूनच क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. मग मोटारीचं इंजिन परकं कसं?

इथे दोन गट आमनेसामने येतात. एक म्हणतो, ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसा ठेवा, रंगासकट. दुसरा म्हणतो, माझ्या आजोबांनी १९५१ सालीच मोठे पिस्टन घातले होते, तो त्याचा इतिहास नाही का? मला दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं. कारखान्यातून बाहेर पडलेली अवस्था ही ट्रॅक्टरच्या आयुष्यातली पहिली काही वर्षं फक्त. उरलेलं आयुष्य त्यानं शेतकऱ्याच्या आणि गावच्या मेकॅनिकच्या हातात काढलं.

पण पहिल्या गटाची एक तक्रार खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. १९५० सालचा बदल दुसऱ्या दिवशी काम करण्यासाठी होता. आजचा बदल ३०० फुटांसाठी असतो. एमचं इंजिन मिनिटाला १४५० फेऱ्यांसाठी केलेलं. त्याला त्याच्या कितीतरी पुढे पळवलं तर सत्तर वर्षांचं ओतीव लोखंड फुटू शकतं, क्लच किंवा फ्लायव्हीलचे तुकडे चालकाच्या पायाशी उडू शकतात. म्हणून मागे उलटू नये यासाठी दांडे, चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, क्लचभोवती पोलादी कवच, अशा अटी आल्या. आणि फुटलेला ब्लॉक परत मिळत नाही. ४५० ची इंजिनं काढून एममध्ये घातली, तर इंजिनाविना राहिलेल्या ४५० चं काय? ते भंगारात. एक जुना ट्रॅक्टर जिंकवायला दुसरा जुना संपतो.

म्हणून मला वाटतं, 'मूळ आहे का' या प्रश्नापेक्षा 'हा सोमवारी नांगराला जुंपता येईल का' हा प्रश्न जास्त कामाचा आहे. इंजिन बदललेलं असो, पिस्टन मोठे असोत, पण स्पर्धेनंतर तो शेतात उभा राहून काम करू शकत असेल, तर तो त्या परंपरेतला आहे. वेग बांधणाऱ्या वर्गांनी अजाणता हीच कसोटी लावली आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आपल्याकडे असं काही होतं का?

उत्तर: घसरगाडीचा खेळ तसाच्या तसा नाही. पंजाबात 'टोचन' म्हणून प्रकार आहे. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून बांधायचे आणि एकमेकांना ओढायचं. त्यासाठीही इंजिनात बदल करतात. २०२३ च्या ऑक्टोबरात ट्रॅक्टरच्या कसरती करताना एका तरुणाचा जीव गेला, त्यानंतर पंजाब सरकारनं अशा जीवघेण्या कसरतींवर बंदी घातली. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॉली जोडून ट्रॅक्टर उलटा चालवायच्या स्पर्धा होतात. तिथे ताकदीपेक्षा हात बघतात, त्यामुळे इंजिनाला हात लावायचं कारणच पडत नाही. स्पर्धेत काय मोजायचं हे ठरवलं, की यंत्राचं काय होणार हेही ठरतं.

प्रश्न: मग संग्रहालयानं कोणता ट्रॅक्टर ठेवावा? मूळ की बदललेला?

उत्तर: जागा असेल तर दोन्ही. एकच ठेवायचा असेल, तर ज्याच्या बदलांची नोंद आहे तो. कुठल्या साली, कुणी, कशासाठी काय बदललं, हे लिहिलेलं असेल तर बदललेला ट्रॅक्टर जास्त सांगतो. नोंद नसेल तर तो नुसता कोड्यात टाकतो. घरी जुना ट्रॅक्टर किंवा जुना पंप असेल, तर आजोबा आहेत तोवर विचारून लिहून ठेवा.